क्लबात गाणाऱ्या आंटीची आणि तिच्या बँडची आठवण कशी जपायची

सुरुवात गायिकेपासून करू नका. फोटोत ती मधोमध उभी असते, नजर आधी तिच्याकडेच जाते. जाऊ दे. मग तिच्या मागे बघा. डाव्या टोकाला पियानोवर वाकलेला माणूस, डबल बासला टेकलेला उंच गडी, ड्रमच्या मागून अर्धाच दिसणारा चेहरा, पुढे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. एक कागद घ्या, डावीकडून आकडे घाला आणि प्रत्येक आकड्यासमोर तीन गोष्टी लिहायला लागा: नाव, वाद्य, गाव. गायिकेचं नाव रेकॉर्डवर छापलेलं असतं, जाहिरातीत असतं, कोणाच्या ना कोणाच्या ओठांवर असतं. मागच्यांची नावं बहुतेक वेळा फक्त एकमेकांनाच माहीत असतात, आणि ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. ती माहिती गेली की गायिकेचीही आठवण सुंदर गाऊनमधला एक चेहरा एवढीच उरते, कारण ती गात होती ती त्यांच्याबरोबर.

मी गिरगावात, धोबीतलावापासून हाकेच्या अंतरावर वाढले. आमच्या मजल्यावर एक गोवेकर आंटी राहायची. १९६० च्या दशकाच्या अखेरीला आणि त्यानंतर काही वर्षं ती चर्चगेटच्या हॉटेलांत गायची. माझ्या आईला ती ‘वैनी’ म्हणायची आणि दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवीन गाण्याचे शब्द पाठ करायची. तिचं नाव इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. ती सोल गायची. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज एकत्र येऊन हे गाणं घडलं. अरेथा फ्रँकलिन ही डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, वडिलांच्या चर्चमध्येच गात मोठी झाली. आमची आंटीही चर्चच्या कॉयरमधली, म्हणजे गायकवृंदातली. शनिवारी मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी यायची आणि रविवारी सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, पुन्हा गायला उभी असायची. तिच्या आवाजातली ती आर्तता कुठून आली याचं मला सापडलेलं उत्तर हे एवढंच आहे, आणि ते मला पुरेसं वाटतं.

तिच्यासाठी आणि तिच्या साथीदारांसाठी जे केलं, त्यावरून ही रीत सांगते. तुमच्या गावातली गायिका पुण्याच्या कॅम्पातली असेल, मडगावची असेल, देवळालीच्या क्लबातली असेल, तरी काम तेच.

आधी थोडा अभ्यास

प्रश्न विचारायला जाण्याआधी तो काळ ठाऊक असायला हवा. नाहीतर समोरची म्हातारी माणसं चार वाक्यांत मुलाखत गुंडाळतात.

मुंबईपुरतं थोडक्यात सांगते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. टेडी वेदरफर्ड हे पियानोवादकही ताजमध्ये वाजवून पुढे कलकत्त्याला गेले आणि तिथेच १९४५ मध्ये वारले. त्यांचं ऐकून इथले वादक तयार झाले: ताजमध्ये वर्षानुवर्षं बँड चालवणारे मिकी कोरिया, सॅक्सोफोनवाले पारशी रूडी कॉटन, हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. पुढे चर्चगेटला, आजच्या वीर नरिमन रोडवर आणि आसपास, एकापाठोपाठ एक जागा उभ्या राहिल्या जिथे रोज रात्री बँड असे. अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या ‘व्हेनिस’ क्लबात कोकणी गाण्यांचे संगीतकार क्रिस पेरी ट्रम्पेट वाजवत आणि लॉर्ना गात.

हीच माणसं दिवसा सिनेमाच्या गाण्यांत असत, हे मराठी वाचकाला कळलं की त्याचा या विषयाशी संबंध एकदम जवळचा होतो. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि भगवानदादा यांचा १९५१ चा ‘अलबेला’ काढून बघा; चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरच दिसतो. चिक रामचंद्रांचे सहायकही होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सॅबेस्टियन डिसूझा आधी लाहोरच्या हॉटेलात वाजवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवत. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते त्या शिष्याच्या कृतज्ञतेतून. यांतली एवढी माणसं गोव्यातूनच कशी आली? पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सॉल्फेज, म्हणजे कागदावरचे सूर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. कागदावरचे सूर वाचता येणारे वादक मुंबईच्या हॉटेलांना आणि स्टुडिओंना हवेच होते.

नाव नीट लिहा

रंगमंचावरचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव ही दोन्ही हवीत. चिक चॉकलेट म्हणजे अंतोनियो शाविएर वाझ. रूडी कॉटन म्हणजे कावसजी खटाव. एकच नाव लिहिलंत तर दहा वर्षांनी शोधणाऱ्याला ना चर्चची नोंदवही सापडेल ना रेकॉर्डचं लेबल. आडनावांची स्पेलिंगं पोर्तुगीज आणि इंग्रजी अशी दोन्ही फिरत असतात, म्हणून देवनागरीच्या शेजारी रोमन अक्षरांतली सगळी रूपं टिपा, अगदी जाहिरातीत चुकून छापलेलं असेल तेसुद्धा.

गाव विचाराच. गोवेकर वादकाला ‘तुम्ही कुठले?’ विचारलं तर तो मुंबईचा पत्ता सांगत नाही, गाव आणि कधी कधी वाडाही सांगतो. त्या धाग्यावरून तुम्ही धोबीतलावच्या कुडीपर्यंत पोचता. कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांचा मुंबईतला मुक्कामाचा क्लब. बोटीवर जाणारे, नोकरी शोधणारे, वाद्य घेऊन आलेले, सगळे तिथे पेट्या टाकून राहिलेले. आंटीच्या बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याचं नाव मला कुठल्याच कागदावर मिळालं नाही. ते त्याच्या गावच्या कुडीत एका म्हाताऱ्या काकांनी फोटो बघताक्षणी सांगितलं, आणि पाठोपाठ त्याच्या बहिणीच्या घरचा पत्ताही.

कुडीत जाताना फोनवर विचारून जा, संध्याकाळी रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, वेळ टाळा, आणि फोटोची छापील प्रत न्या. मोबाइलच्या पडद्यावरचा फोटो वयस्कर माणसं हातात घेत नाहीत. कागदावरचा घेतात, खिडकीशी नेतात, दुसऱ्याला दाखवतात. ओळख त्या दाखवण्यातूनच पटते.

बोलायला बसल्यावर

वेळ दुपारच्या झोपेनंतरची, चार-साडेचारची. एकट्या माणसापेक्षा दोघांना एकत्र बसवता आलं तर फार बरं. एक म्हणतो ते १९६८ साल, दुसरा म्हणतो नाही रे, तेव्हा तू मस्कतला होतास. त्या वादातून खरं वर्ष बाहेर येतं. फोन विमान मोडवर टाकून त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा शक्य असेल तर मंद करा, टीव्ही बंद करायला सांगा. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, जागा आणि समोरच्याचं पूर्ण नाव बोलून ठेवा.

‘ते दिवस कसे होते?’ असं विचारू नका. याचं उत्तर ‘फार छान होते’ एवढंच येतं. हाताने केलेल्या गोष्टी विचारा. पहिला सेट किती वाजता? त्यात काय असायचं, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट की सरळ हिट गाणी? कोट स्वतःचा की हॉटेलचा? जेवण कुठे द्यायचे, पाहुण्यांबरोबर की मागे स्वयंपाकघरात? वादक कुठल्या दाराने आत जायचे? ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत काय काम असायचं? दिवसा रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेल, मग झोप कधी? शेवटची लोकल चुकली तर? या प्रश्नांवर माणसं खुर्चीत पुढे सरकून बसतात.

मला सगळ्यात जास्त देऊन गेलेला प्रश्न हा: नवीन गाणं कसं बसवायचात? छापील नोटेशन अमेरिकेहून येईपर्यंत गाणं जुनं व्हायचं. म्हणून कोणीतरी रेडिओ सिलोन किंवा व्हॉइस ऑफ अमेरिका लावून बसायचं, एकाने बास ऐकायचा, एकाने ट्रम्पेट, आंटीने शब्द, आणि खरखरीतून निसटलेली ओळ आपली भरायची. त्यामुळे तिच्या काही गाण्यांत मूळ गाण्यात नसलेले शब्द आहेत. ते दुरुस्त करू नका. तिने जसं गायलं तसंच लिहून ठेवा.

वादकाच्या दातांबद्दल विचारायला संकोचू नका. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले की ओठांचा आधार जातो, आणि बहुतेकांचं वाजवणं तिथेच संपतं. हे त्याच्या आयुष्यातलं मोठं दुःख असू शकतं आणि ते त्याला अनेकदा कोणी विचारलेलंच नसतं. तसंच डिस्कोथेक आल्यानंतरची वर्षं. १९७० च्या दशकात तबकड्या लावणारा एक माणूस पाच-सहा जणांच्या बँडपेक्षा मालकांना स्वस्त पडू लागला. कोणी आखातात गेलं, कोणी बोटीवर, कोणी शाळेत संगीत शिकवायला लागलं. ‘त्यानंतर काय केलंत?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

गायिका हयात असेल तर आणखी जपून. लॉर्ना बरीच वर्षं रंगमंचापासून दूर राहून १९९५ मध्ये गोव्यात पुन्हा गायला उभ्या राहिल्या. अशी मौनाची वर्षं अनेक गायिकांच्या वाट्याला आली आहेत: लग्न, मूल, करार, घरच्यांची नाराजी. ‘का थांबलात?’ हा प्रश्न तुम्ही काढू नका. ‘त्या वर्षांत घरात काय गुणगुणायचात?’ हे विचारा. सांगायचं असेल तर ती त्यातूनच सांगेल, आणि नसेल तर तिचा मान राहील. तिच्या खाजगी आयुष्यातलं जे रेकॉर्ड झालं असेल त्याचं काय करायचं हे तिला विचारून कागदावर लिहून घ्या, सही घ्या. गेली असेल तर घरच्यांची.

भाषा बदलू नका. कोकणी, इंग्रजी, बंबैया हिंदी आणि गिरगावातलं मराठी एकाच वाक्यात येतं; उतरवून काढताना ते तसंच ठेवा.

फोटो

जुन्या अल्बमच्या काळ्या पानांवरून फोटो उपटू नका. अख्खं पान स्कॅन करा, ६०० डीपीआयला, टिफ फाइल म्हणून. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन फोटोला अगदी समांतर धरून काढा. मागची बाजूही काढा. स्टुडिओचा शिक्का आणि एखादी पेन्सिलीची ओळ तिथेच असते. नवीन काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, मागे, कडेला. बॉलपेन नको, चिकटपट्टी तर अजिबात नको.

वर्ष ठरवायला चेहरे उपयोगी पडत नाहीत, वस्तू पडतात. मोठ्या ड्रमच्या पुढच्या कातड्यावर बँडचं नाव रंगवलेलं असतं. नोटेशनच्या स्टँडवर हॉटेलचं चिन्ह असतं. कागदी टोप्या दिसल्या तर एकतीस डिसेंबर. मग ग्रंथालयात त्या आठवड्यातली इंग्रजी वर्तमानपत्रं काढा. नाताळ ते नववर्ष या दिवसांत हॉटेलांच्या जाहिराती सगळ्यात मोठ्या असत आणि त्यांत बँडलीडरचं, गायिकेचं नाव हमखास छापत. मुंबईत टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, पणजीत कृष्णदास शामा ग्रंथालय, इथून सुरुवात करा. मृत्यूच्या आणि त्यानंतर महिन्याने होणाऱ्या मिस्सेच्या जाहिराती जरूर बघा: गाव, भावंडं, मुलं कुठल्या देशात आहेत, सगळं दोन इंचांत मिळतं.

तबकड्या, कॅसेटी, नोटेशनचे कागद

७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी एलपीच्या सुईवर वाजवू नका. तिची खाच साधारण तिप्पट रुंद असते, सुई वेगळी लागते. धुवायची तर डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडं. स्पिरिट लावू नका: ती तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लेबलच्या भोवती, गुळगुळीत भागात कोरलेला आकडा टिपून ठेवा. त्यावरून रेकॉर्डिंगचा क्रम लावता येतो. लेबलवर गायिका आणि संगीतकार असतात, वादक जवळजवळ कधीच नसतात, म्हणून रेकॉर्ड हातात आल्यावर जिवंत असलेल्या साथीदाराला ती ऐकवा आणि कोण काय वाजवतंय ते विचारा. वादक दुसऱ्याची फुंक ओळखतो, आपण चेहरा ओळखतो तसा.

कॅसेट मात्र खरा खजिना. मुंबईच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर घरच्या टेपवर लावायचा मोह आवरा आणि जाणकाराकडे न्या. एकदाच, पूर्ण बाजू, न थांबता डिजिटल करून घ्या. गाण्यांच्या मधलं बोलणं कापू देऊ नका. तिथेच बँडलीडर ओळख करून देतो: ड्रमवर अमुक, बासवर तमुक. आमच्या आंटीच्या पुतण्याला दोन गाण्यांच्या मधली ती अर्ध्या मिनिटाची बडबड निरुपयोगी वाटली होती. मला तीन नावं त्यातूनच मिळाली. आवाज ‘स्वच्छ’ केलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ प्रतीला हात लावू नका.

आणि नोटेशनच्या चोपड्या. रद्दीत जाणारी पहिली वस्तू हीच. त्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं असतं: नक्कल करणाऱ्याची सही, कोणाचा तरी फोन, ‘दुसऱ्यांदा हळू’. मुख्य म्हणजे गायिकेची पट्टी असते. मूळ गाणं कुठल्याही पट्टीत असो, बँडने ते तिच्या गळ्याप्रमाणे बसवलेलं असतं. तो कागद म्हणजे तिच्या गळ्याचं माप आहे.

एक संध्याकाळ

हे सगळं जमल्यावर लोकांपुढे आणा. मोठं सभागृह नको. पॅरिशचा, म्हणजे चर्चचा हॉल किंवा वाडीतलं अंगण, आणि वेळ संध्याकाळी पाचची, म्हणजे नव्वदीतला ड्रमर उजेडात येऊन वेळेत घरी जाईल. उघड्यावर असाल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावाच लागतो.

गाणी तिच्या पट्टीत वाजवा. तरुण गायिकेला ती जमत नसेल तर गाणं बदला, पट्टी नको. वाजवणाऱ्या प्रत्येकाला मानधन द्या, म्हाताऱ्यांना आधी, पाकिटात घालून. या माणसांनी आयुष्यभर रात्रीच्या हिशेबाने काम केलं आहे, त्यांना फुकट बोलावणं बरं नाही. भाषणं ठेवू नका. त्याऐवजी एकाने सावकाश नावं वाचावीत: नाव, वाद्य, गाव. प्रत्येक नावानंतर थांबावं. सभागृहातून कोणीतरी ‘माझे मामा’ म्हणतंच.

भिंतीवर बँडचा फोटो मोठा करून लावा आणि शेजारी त्याचीच बाह्यरेषांची आकृती, चेहऱ्यांच्या जागी नुसते आकडे. दोरीला पेन्सिल बांधून ठेवा. ज्याला जो ओळखू येईल त्याने आकड्यासमोर लिहावं आणि खाली आपला फोन द्यावा.

परवानगीचं विसरू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. क्रिस पेरी २००२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०६२ च्या अखेरपर्यंत वारसांच्या किंवा हक्कधारकांच्या. जाहीर कार्यक्रमात गायचं असेल तर हक्कधारकांच्या संस्थेकडून परवाना घ्या, आणि कॅसेट इंटरनेटवर टाकण्याआधी वारसांना विचारा. विचारल्यावर लोक सहसा आनंदाने देतात, वर दोन फोटो जास्तीचे देतात.

प्रती तीन: एक घरच्यांकडे, एक तुमच्याकडे, एक ग्रंथालयात किंवा कुडीत, आणि त्यातली एक तरी शहराबाहेर. फाइलच्या नावात वर्ष, जागा, माणूस. सोबत साध्या मजकुराची फाइल. शिवाय एक लेख दिवाळी अंकाला पाठवा. छापलेलं काही असलं की विश्वकोशात नोंद करायला आधार मिळतो; नुसत्या घरगुती आठवणीवर ती टिकत नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन मोकळा ठेवा. हॉलमध्ये गप्प बसलेली माणसं घरी जाऊन रात्रभर विचार करतात आणि मग सांगतात: पाचव्या नंबरचा तो नव्हे, त्याचा भाऊ, ट्रम्पेटवाले दोन होते, दुसरा फोटोत आला नाही. फोटोत न आलेल्यालाही यादीत घ्या. त्याचं नाव, वाद्य, गाव लिहा, कोणी सांगितलं आणि कधी तेही लिहा, आणि सुधारलेली यादी त्याच आठवड्यात छापून घरोघरी पोचवा.